कठोर पोप आणि कृपेची वाट

प्रश्न : ‘द यंग पोप’ या मालिकेतील पोप आरंभी अत्यंत गर्विष्ठ दिसतो. तरीही त्याचा प्रवास ईश्वरी कृपेकडे होतो, असे खरोखर म्हणता येईल का?

उत्तर : नक्कीच म्हणता येईल. पाओलो सोरेंतिनो यांच्या २०१६ मधील या दहा भागांच्या मालिकेत ज्यूड लॉ यांनी साकारलेला लेनी बेलार्डो, म्हणजेच पोप झाल्यावर ‘तेरावा पायस’ हे नाव घेणारा नायक, हा आईवडिलांनी अनाथालयात सोडलेला मुलगा आहे, हे नजरेआड केले तर त्याचा कठोरपणा उलगडतच नाही. पहिल्या जाहीर भाषणात तो सज्जावर अंधारात उभा राहतो, चेहरा दिसू देत नाही आणि देवाला विसरल्याबद्दल जमावाला खडसावतो. ज्याला जन्मदात्यांनी पाठ दाखवली, तोच आता जगापासून तोंड लपवतो, हे मला फार हृदयद्रावक वाटते. व्हॅटिकनमधील डावपेच रंजक आहेत, पण मालिकेचा गाभा तो नव्हे.

कॅथलिक श्रद्धेनुसार कृपा ही पुण्याईने मिळवायची नसते, ते देवाचे दान असते, आणि म्हणूनच लेनीच्या प्रार्थनेनंतर एस्तर या व्हॅटिकनमधील रक्षकाच्या निपुत्रिक पत्नीला मूल होते तेव्हा तो सद्गुणी असण्याची अट तिथे लागू होत नाही. अखेरच्या भागात व्हेनिसमध्ये तो प्रथमच लोकांसमोर चेहरा उघडा ठेवून हसतो आणि दुर्बिणीतून गर्दी न्याहाळतो. तिथे त्याला आईवडील दिसतात, पण ते पाठ फिरवून निघून जातात. या वेळी मात्र तो चेहरा झाकत नाही.