अणुभट्टीतलं युरेनियम अणुबॉम्बसारखं फुटू शकतं का?

नाही, तसं होत नाही. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-२३५, म्हणजे ज्याचे अणू सहज फुटून ऊर्जा देतात तो प्रकार, जेमतेम ०.७ टक्के असतं, बहुतेक भट्ट्यांना ते ३ ते ५ टक्के लागतं आणि बॉम्बला साधारण ९०, म्हणजे फरक केवढा बघा. भट्टीत युरेनियमच्या करंगळीच्या टोकाएवढ्या काळ्या गोळ्या झिर्कोनियम धातूच्या नळ्यांमध्ये भरतात, त्यात साखळी प्रक्रिया (एक अणू फुटला की त्यामुळे पुढचे फुटत जातात) कंट्रोलमध्ये चालते, पाण्याची वाफ होते, टर्बाइन फिरतं. १९८६ ला युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला तो मुख्यतः वाफेच्या दाबाने, पण किरणोत्सर्ग पसरला तो भयंकरच होता. खरी काळजी वाटते ती सेंट्रिफ्यूजची, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवणाऱ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रांची, कारण ५ टक्क्यांपर्यंत पोचलं की ९० पर्यंतची निम्म्याहून जास्त मेहनत आधीच झालेली असते, म्हणून तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अशा प्लांटमध्ये कॅमेरे आणि सील लावते.