दोघंही प्यायलेले होते, मग दोष एकट्याचाच का?

ताई, माझ्या घरी मित्रमैत्रिणींची पार्टी होती. सगळेच प्यायले होते. एका मैत्रिणीला जास्त झाली. तिला सँडलचा पट्टाही सोडता येईना, म्हणून मीच तो सोडला, तिला पाणी पाजलं आणि आतल्या खोलीत झोपवलं. थोड्या वेळाने माझा एक जुना मित्र 'बघून येतो' म्हणून आत गेला. दुसऱ्या दिवशी तिचा रडत फोन आला. त्यांच्यात शरीरसंबंध झाला होता आणि तिला काहीच आठवत नव्हतं. तो म्हणतो, ती जागी होती, बोलत होती, 'हो' म्हणाली. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात, दोघंही प्यायलेले होते, मग दोष एकट्याचाच कसा? तिने इतकी प्यायचीच कशाला? रविवारी सगळ्यांनी माझ्या घरी बसून हे मिटवायचं ठरवलंय. मला दोघंही जवळचे. मी कुणाच्या बाजूने बोलू?

प्रिय मित्रा,

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलास. जिला स्वतःच्या पायातली सँडल काढता येत नव्हती, जिला दुसऱ्याने नेऊन झोपवावं लागलं, तिच्या तोंडून त्यानंतर 'हो' आलं असेलही, पण त्या 'हो'वर विसंबायचा हक्क कुणालाच नव्हता.

आठवणीबद्दल आधी बोलू, कारण तुमचा सगळा वाद तिथेच अडकलाय. दारू भराभर रक्तात चढली की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं नव्या आठवणी साठवण्याचं काम बंद पडतं. माणूस मात्र त्या वेळी बोलतो, चालतो, हसतोही. त्यामुळे ती बोलत होती हे तुझ्या मित्राचं म्हणणं कदाचित खरंही असेल. तिला आठवत नाही एवढ्यावरून संमती नव्हती असं सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण ती बोलत होती म्हणजे तिला कळत होतं, असंही सिद्ध होत नाही. काय चाललंय ते समजण्याइतकी आणि नको असेल तर नाही म्हणण्याइतकी ती भानावर होती का, एवढंच बघायचं. आणि ते तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहेस.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2007 मध्ये ब्री खटल्यात हेच बारकाईने मांडलं. आपणहून भरपूर प्यायलेली व्यक्ती निर्णय घेण्याइतकी भानावर असेल, तर तिची संमती ही संमतीच. पण शुद्ध हरपण्याच्या बऱ्याच आधी ती क्षमता जाऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 नुसारही, नशेमुळे स्त्रीला कृत्याचं स्वरूप आणि परिणाम समजत नसतील तर तिचा होकार ग्राह्य नाही. ती आपणहून प्यायली होती म्हणून यात फरक पडत नाही. आणि त्याने आपणहून घेतलेली दारू ही कायद्यापुढे त्याची सबब होत नाही.

'दोघंही प्यायलेले होते' हे मला मुळातच पटत नाही. ती अंथरुणात पडून होती. तो उठला, निमित्त सांगून खोलीपर्यंत चालत गेला, दार उघडून आत शिरला. पिऊन गाडी चालवणाऱ्याने कुणाला उडवलं, तर रस्त्यावरचा माणूसही प्यायलेला होता म्हणून चालक सुटतो का?

राहिलं तिचं पिणं. इतकं पिणं धोक्याचं आहे, हे मी माझ्या भाचीलाही सांगेन. पण ते पार्टीच्या आधी. घडून गेल्यावर तेच बोलणं आरोप होतं. तुझ्या ग्रुपला एवढंच विचार, की त्याने घेतलेली दारू त्याची सुटका करते आणि तिने घेतलेली तिला दोषी ठरवते, हा कुठला न्याय?

पत्र आलं त्याच दिवशी मी तुला कळवलं होतं की तिला लगेच डॉक्टरकडे जायला सांग. इतर वाचकांसाठी इथे पुन्हा सांगते. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली, आणि पेयात काही मिसळलं होतं का हे तपासायचं तर काही पदार्थांचा माग काही तासांतच नाहीसा होतो.

आता तुझं काम. त्या रात्री जे पाहिलंस ते आजच लिहून काढ. ती किती वाजता आत गेली, कोणत्या अवस्थेत होती, तो कधी गेला. ऐकीव काही त्यात मिसळू नकोस आणि फोनमधले मेसेज पुसू नकोस. मग तिला विचार, 'तुला ऐकायचं असेल तर मी काय पाहिलं ते सांगतो.' तिच्याकडे त्या रात्रीचे तुकडेही नाहीत, आणि बहुधा ती स्वतःलाच दोष देत असेल. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं. तिने म्हटलं तर सोबत जा, पण घाई करू नकोस.

त्यालाही तोंडावर सांग, की ती कशा अवस्थेत होती ते मी पाहिलं होतं आणि कुणी विचारलं तर तेच सांगेन. तिला फोन नको, मेसेज नको, माफीसुद्धा नको. वकिलाचा सल्ला घ्यायलाही त्याला सांग. इतकी वर्षं तो तुझ्याशी चांगलाच वागला असेल. त्याने त्या रात्री घडलेलं हलकं होत नाही.

आणि रविवारची ती बैठक आजच रद्द कर. जिला काही आठवत नाही, तिला त्याच घरात, त्याच्यासमोर, सगळ्या ग्रुपपुढे बसवून तुम्ही काय मिटवणार आहात? कुणी कारण विचारलं तर 'माझ्या घरी हे होणार नाही' एवढं सांगितलंस तरी पुरे.

तुझी ताई