बॉल आठवड्यात डेड होतो, काय करू? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुळे सोलापूरला राहतो, वय पंचेचाळीस. चौघं मिळून सकाळी सिमेंटच्या कोर्टवर टेनिस डबल्स खेळायला लागलोय. तीन बॉलचा डबा आणला की आठवड्यात उसळी गायब. दुकानदार म्हणतो प्रेशरलेस (आत दाबाची हवा नसलेले) घ्या, लवकर बदलायला लागत नाहीत. घेऊ का?

उत्तर : दादा, जरा थांबा. डबा उघडताना फुस्स आवाज येतो ना, तो आतल्या दाबाचा, बॉलमध्येही तशीच दाबाची हवा भरलेली असते आणि डबा एकदा फोडला की ती रबरातून थोडी थोडी निघतच राहते, तुम्ही खेळा नाहीतर कपाटात ठेवा. म्हणून चार डबे एकदम आणा हवं तर, पण फोडायचा एकच. प्रेशरलेसची उसळी जाड रबरातून येते, त्यामुळे टिकतो खरा, पण हाताला टणक लागतो. भिंतीवर मारायला, सर्व्हिसच्या प्रॅक्टिसला एकदम बेस्ट, मात्र पंचेचाळिशीत नव्याने रॅकेट धरून रोज तोच ठोकत बसलात तर कोपर बोलायला लागणार. माझं विचाराल तर मॅचला प्रेशरचाच.

डब्यावर ‘एक्स्ट्रा ड्यूटी’ लिहिलंय का ते बघा, सिमेंट कोर्ट पॉलिश पेपरसारखा बॉलची लव खातो, ही जाड लव जरा जास्त तग धरते. ‘रेग्युलर ड्यूटी’ मातीच्या कोर्टसाठी. आणि ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून ‘हाय अल्टिट्यूड’ वाला मागवू नका, तो 1219 मीटरच्या वर खेळायला असतो, आपलं सोलापूर साडेचारशेच्या आसपास, इथं तो मरगळल्यासारखा उसळेल. महाबळेश्वरला कोर्ट मिळालं तर बघू!

अजून एक, उन्हाळ्यात बॉल गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, तापला की आतला दाब वाढतो आणि हवा अजून लवकर निघते. पण सकाळच्या गारव्यात तोच बॉल दुपारपेक्षा कमी उसळतो, म्हणजे डेड म्हणून फेकायच्या आधी तपासा की. नियमात 254 सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल 135 ते 147 उसळायला पाहिजे. टेप कोण लावतंय, डोक्याच्या उंचीवरून सोडा, कंबरेपर्यंतही येत नसेल तर प्रॅक्टिसच्या पिशवीत टाका.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. सर म्हणतात लाल बॉल आणा, दुकानात पिवळाच देतात. फरक पडतो का हो? (विजापूर रोड)

उत्तर : पडतो ताई, खूप पडतो. पिवळा बॉल सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरून जातो आणि मग ती नुसती मागे पळत राहते. लाल बॉल त्यापेक्षा 75 टक्के संथ, नारिंगी 50, हिरवा 25, असं चढत जायचं. 10 वर्षांखालच्या स्पर्धांत तर 2012 पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नेहमीचा पिवळा बंदच केलाय. दुकानदाराला मागवून द्यायला लावा, नाही म्हणाला तर सरांनाच सांगा, सगळ्या पोरांचे एकदम मागवतील.

प्रश्न : जुने बॉल गल्ली क्रिकेटला चालतात का?

उत्तर : बिनधास्त. फक्त उलटं करू नका, क्रिकेटचा हेवी टेनिस बॉल रॅकेटने मारायचा नाही, तार आणि मनगट दोन्ही जाईल.