तुंगुस्काचा स्फोट आणि परग्रहावरील यान

प्रश्न : सन १९०८ मध्ये सैबेरियात परग्रहावरील यान कोसळले आणि तेथे विवर न सापडणे हाच त्याचा पुरावा होय, असे आमच्या वाचनालयातील एका व्याख्यात्यांनी ठामपणे सांगितले. यात तथ्य किती?
— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : ३० जून १९०८ रोजी सकाळी तुंगुस्का नदीच्या परिसरात झालेल्या स्फोटाने सुमारे २,१५० चौरस किलोमीटर जंगल आडवे केले, आपल्या बेळगाव जिल्ह्याचा हा जवळजवळ सहावा हिस्सा होतो. लिओनिद कुलिक यांची शास्त्रीय मोहीम तेथे पोहोचली ती १९२७ मध्ये. विवर मिळाले नाही हे खरे. परंतु मध्यभागी फांद्या झडलेली झाडे खांबांसारखी उभी होती आणि सभोवतालची झाडे बाहेरच्या दिशेने पडली होती, ही महत्त्वाची गोष्ट अशा व्याख्यानांत बहुधा गाळली जाते, याचे वाईट वाटते. लघुग्रह किंवा धूमकेतूचा तुकडा जमिनीपासून पाच ते दहा किलोमीटर उंचीवर फुटला, तर धक्कालहर खालच्या झाडांवर सरळ वरून येऊन केवळ त्यांच्या फांद्या तोडते आणि दूरची झाडे मात्र तिच्या तिरक्या माऱ्याने उन्मळतात. विवर पडण्याचे कारणच उरत नाही. यानाची कल्पना रूढ झाली ती १९४६ मध्ये, हिरोशिमानंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर काझांत्सेव यांच्या विज्ञानकथेमुळे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटर व्यासाचा अशनी असाच हवेत फुटला. त्याचे असंख्य कॅमेऱ्यांनी चित्रण केले आणि त्याचे तुकडेही सापडले.