चूल पाडायची वेळ कशी ओळखायची?

दादा, तुमचा प्रश्न असा: आईची बारा वर्षांची धुराड्याची चूल, अंगाला भेगा, घरभर धूर. आई म्हणते, लेप दिला की होते. तुम्ही म्हणता, पाडून पत्र्याची आणू. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडची. तीसेक वर्षांत घरच्या-दारच्या बऱ्याच चुली घातल्या. माझ्या मते दोघंही थोडं थांबा.

आधी धुराडं बघा. शेवटचं कधी झाडलं होतं? काजळीनं निम्मी नळी भरली की नवीकोरी चूलही तोंडातूनच धूर ओकते. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीतून (गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या जागेतून) निर्धूर चूल निघाली, पुढं १९८३ पासून सरकारी योजनेतल्या आल्या. आमच्या गावात त्यातल्या कितीतरी निव्वळ नळी न झाडल्यानं बंद पडल्या. तुमची नळी सिमेंटची जुनी असेल तर ठोकू-कापू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ छातीला वाईट. वरून काठीला चिंधी बांधून काजळी पाडा.

मग सरपण. पावसात भिजलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) किंवा नुकतीच तोडलेली बाभूळ जाळत असाल तर चुलीला दोष देऊ नका. ओल्या लाकडाचं निम्म्यापर्यंत वजन पाण्याचंच असू शकतं, ते वाफ होईपर्यंत धूरच. (पऱ्हाटीवरून आठवलं, तिची गंजी वावराजवळ किंवा घरामागं लावून पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नका. वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते.)

हे दोन्ही ठीक असेल तर मग भेगा. काळ्या मातीची चूल भेगाळतेच, ती माती ओलीत फुगते आणि वाळली की आकसते. चूल नीट पेटवून भेगेपाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर धुराड्याची ओढ शाबूत आहे, लेपानं भागेल. बाहेर ढकलला गेला तर चुलीचा धूर तिथून घरात येतोय. तीही भेग बुजवून बघा. पण पंधरा दिवसांत त्याच जागी पुन्हा उघडली, आणि बोटानं टोकरल्यावर आतून भुगा गळू लागला, तर भिंत गेली. भुग्यावर लेप बसत नाही.

आता आईला न आवडणारी गोष्ट. चुलीची खरी वाट आपल्या हातच्या लेपानंच लागते. रोजचा पोतेरा पातळ असतो, पण सणासुदीचा लेप वर्षानुवर्षं चढत गेला की तोंड अरुंद होतं, तळ वर येतो. बिनधुराड्याच्या चुलीला भांडं टेकायला तीन उंचवटे असतात, तेही घासून बसके होतात. भांडं आणि चुलीचा काठ यात फट उरत नाही, जाळ कोंडतो आणि तोंडातून बाहेर येतो. भांड्याची बुडं जास्त काळी होतात, वैलावरची (बाजूच्या दुसऱ्या भोकावरची) डाळ शिजता शिजत नाही, मोळी लवकर संपते. हे रोज थोडंथोडं होतं म्हणून कळत नाही. मी चूल घालते त्या दिवशी एक तुराटी (तुरीची वाळकी काडी) कापून तिच्यावर तोंडाची रुंदी, खोली, उंचवट्याची उंची खुणा करून आढ्याला खोचून ठेवते. मागची चूल पाडली तेव्हा दहा बोटांचं तोंड साडेसातवर आलं होतं आणि दोन बोटांचा उंचवटा एका बोटाच्या आत. उंचवटे नव्यानं बसवता येतात. तोंड, तळ आणि असलेच तर उंचवटे, सगळंच बिघडलं असेल तर मात्र पाडा, डागडुजीत दिवस घालवू नका.

पत्र्याचं म्हणाल तर मी एक बाजारातून आणली होती. दुसऱ्या पावसाळ्यातच बूड सुटलं. राख ओली झाली की पत्रा खाते, आणि मी राख तशीच ठेवायचे, चूक माझीही. घ्यायचीच तर जाड पत्र्याची, जाळी वेगळी काढता येईल अशी घ्या. जाळी आधी जळते. अशा चुलीला बहुधा धुराडं नसतं, तेव्हा ती छपरीत ठेवा, बंद खोलीत नको. आंघोळीच्या पाण्याला ठीक. भाकरीला आईला आवडेल असं वाटत नाही.

मातीचीच घालायची ठरली तर जुन्या चुलीची भाजलेली माती फेकू नका. कुटून चाळून घ्या. चार टोपल्या पांढऱ्या मातीत एक टोपली हा चुरा, शेण आणि गव्हाचं कुटार (भुसा) मिसळलं की भेगा कमी पडतात. वैशाखाच्या उन्हात उघडी वाळवू नका, ओलं पोतं टाकून आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्या. पहिला जाळ दोन-चार गोवऱ्यांचाच.

आणि पाडायच्या आधी आईला चुलीपुढं बसवून उंचीचं माप घ्या. गुडघे दुखत असतील तर नवी चूल तेवढी उंच करा.