पट्ट्यांच्या पीडीएफ काढणाऱ्या सर्व्हिसची मेमरी का चढत जाते?

सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या पट्ट्यांच्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांच्या) पीडीएफ काढणारी तुमची डॉटनेट विंडोज सर्व्हिस सौद्याच्या दिवशी फुगते आणि काम संपलं तरी खाली येत नाही. रोज रात्री रीस्टार्ट करणं हा काही उपाय नव्हे.

पहिला संशय डीबीकॉन्टेक्स्टवर, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या ऑब्जेक्टवर. बॅकग्राउंड सर्व्हिस सिंगलटन असते, म्हणजे तिची एकच प्रत शेवटपर्यंत चालते. तिच्यात सुरुवातीलाच घेतलेला कॉन्टेक्स्ट सर्व्हिस बंद होईपर्यंत जगतो आणि त्याचा चेंज ट्रॅकर (बदलांवर नजर ठेवणारा भाग) वाचलेली प्रत्येक नोंद धरून बसतो. त्यामुळे सर्व्हिसस्कोपफॅक्टरीतून प्रत्येक पट्टीला, फार तर ५० च्या गठ्ठ्याला, नवा स्कोप (ज्याच्यासोबत त्यातला कॉन्टेक्स्टही संपतो अशी चौकट) घ्या आणि काम झालं की डिस्पोज करा, म्हणजे मोकळा करा. नुसतं वाचायचंय तिथे ॲजनोट्रॅकिंग वापरा, म्हणजे नोंदी ट्रॅकरमध्ये जात नाहीत.

मेमरीस्ट्रीममध्ये फाइल बनवून टूॲरे केलं, की तीच फाइल मेमरीत दुसऱ्यांदा उभी राहते. वर ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठा ॲरे लार्ज ऑब्जेक्ट हीपवर (मोठ्या ऑब्जेक्टसाठीच्या वेगळ्या मेमरीत) जातो, आणि तो जेन २ कलेक्शनशिवाय, म्हणजे क्वचित होणाऱ्या पूर्ण सफाईशिवाय, सुटत नाही. थेट फाइलस्ट्रीममध्ये लिहा.

लोगोसाठी सिस्टिम.ड्रॉइंग (डॉटनेटची चित्रांची लायब्ररी) वापरत असाल तर बिटमॅप आणि फॉन्टला युजिंग हवंच, म्हणजे काम संपताच ते मोकळे होतात. गेटएचबिटमॅपने घेतलेलं हँडल (विंडोजकडच्या चित्राची खूण) मात्र डिलीटऑब्जेक्टनेच सुटतं, जीसी.कलेक्ट (डॉटनेटला मेमरी साफ करायला लावणारी आज्ञा) कितीदा लिहिलं तरी नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जीडीआय (विंडोजची चित्रं काढणारी यंत्रणा) ऑब्जेक्ट्सचा कॉलम लावून बघा. प्रोसेसमागे डीफॉल्ट मर्यादा १०,००० आहे, ती गाठली की चित्रं काढतानाच एरर येते.

तरी सापडलं नाही तर १०० पट्ट्यांआधी आणि नंतर डॉटनेट-जीसीडंप (मेमरीतल्या ऑब्जेक्ट्सची यादी देणारं टूल) घेऊन कुठला टाइप वाढला ते बघा. डंपमध्ये वाढ नाही पण प्रोसेस फुगलीय, तर गळती बहुधा नेटिव्ह बाजूला, म्हणजे डॉटनेटच्या सफाईबाहेरच्या मेमरीत आहे.