आजोबांची चेतक राहू द्या, आधी पॉलिसी काढून वाचा

प्रश्न : वय ३८, सोलापुरात टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. पगार ४५ हजार, घरखर्च ३० हजार, गृहकर्ज १४ लाख बाकी. पत्नी, सहा वर्षांची मुलगी. कमावता मी एकटाच. आजोबांची १९८४ची चेतक दहा वर्षं उभी आहे. फूटबोर्डवर पुढे मला उभं करून ते गड्ड्याच्या जत्रेला न्यायचे, मागे आजी पिशवी सांभाळत बसायची. गॅरेजवाला दुरुस्तीचे ६५ हजार सांगतो. वर्षाला ६० हजार हप्त्याची १५ वर्षांची पॉलिसी आहे, विमा ९ लाखांचा, चार हप्ते भरलेत. एजंट म्हणतो, शेवटी दुप्पट मिळतील. ती मोडून स्कूटर करू का? पुढे व्हिंटेज म्हणून किंमतही येईल.

उत्तर : स्कूटर विकू नका. पण मला झोप लागू देत नाही तो तुमचा ९ लाखांचा आकडा. उद्या तुमचं काही झालं, तर ९ लाख म्हणजे घरखर्चाची अडीच वर्षं, आणि १४ लाखांचं कर्ज उभंच. याला विमा म्हणत नाहीत.

‘दुप्पट’चं विसरा. बोनस धरून १४ लाखांच्या आसपास मिळतील, म्हणजे साडेपाच टक्के. तेच ६० हजार पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी १६ लाख होतात. एकट्या कमावत्या माणसाच्या गळ्यात अशी पॉलिसी मारणं अक्षम्य आहे.

आता क्रम नीट पाळा. आधी एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा; वर्षाला साधारण १५ ते १८ हजार. तंबाखू खात असाल तर अर्जात लिहा, हप्ता वाढला तरी चालेल. लपवलंत तर दावा अडकतो. अर्ज भरतानाच विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्या, म्हणजे ती रक्कम पत्नी-मुलीचीच राहते, देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. नवी पॉलिसी हातात पडल्यावरच जुनीचे हप्ते थांबवा आणि ती पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर मुदतीपर्यंत चालू ठेवा. आज मोडलीत तर भरलेल्या २.४० लाखांतले निम्मे हाती येतील. पेड-अप ठेवलीत तर मुदतीअखेर २.४० लाख आणि जमलेला बोनस.

वाचलेल्या हप्त्यातून यंदा २० हजार स्कूटरला द्या, उरलेले पीपीएफला.

व्हिंटेजची आशा सोडा. नियमाने ५० वर्षं पूर्ण लागतात आणि चेतक घरोघरी होत्या.

गॅरेजला जाण्याआधी आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक शोधा. ती आजोबांच्याच नावावर असणार आणि नोंदणीही संपलेली. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, ते पुसून पाहा. इंजिन कधी बदललं असेल तर तिथेच गाडं अडतं. मग वडील, काका, आत्या यांची लेखी संमती, वारसाने नाव लावायचा फॉर्म ३१, नूतनीकरणाचा फॉर्म २५. विलंब शुल्क महिन्यागणिक चढतं, आकडा आरटीओतूनच काढा. नोंदणी आणि थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर आणलीत आणि कोणाला धडक बसली, तर भरपाई तुमच्या खिशातून.

६५ हजारांत बराचसा रंग आणि क्रोम असतो. त्याआधी इंजिन. इतकी वर्षं उभ्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील कडक होतात, इंजिन तिथून हवा खेचतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन अडकून बसतो. म्हणून नुसता कार्ब्युरेटर साफ करून किक मारू नका. सील, क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल, दोन्ही टायर-ट्यूब बदला, टाकी आतून धुऊन घ्या.

फूटबोर्डचा पत्रा खालून गंजला असेल, तर वेल्डिंग करावंच लागेल. त्यावरच्या रबरी पट्ट्या झिजल्यात म्हणून गॅरेजवाला टाकून देईल; त्या आधी स्वतः काढून घरी ठेवा, काम झालं की परत बसवून घ्या.